सगळे कुटुंब घेऊन जलाशयाकाठी पक्षी बघायचे असतील तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऐंशीच्या घरातल्या आजीपासून पहिलीतल्या भाचीपर्यंत तुमच्या घरचे चौदा-पंधरा जण वर्षातून एकदा एकत्र जमतात. यंदा भिगवणजवळ उजनीच्या काठी दोन रात्री मुक्काम करायचा बेत आहे, मात्र तारीख भाऊबीजेनंतरची धरावी की नाताळच्या सुट्टीतली, हे अजून ठरलेले नाही. पक्षीनिरीक्षणाची आवड घरात एकट्या तुम्हाला आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका तलावावर तुम्ही सगळ्यांना पहाटे उठवून नेले, तेव्हा एका दुर्बिणीवरून मुलांची ओढाताण झाली, आजी गाडीतच बसून राहिल्या आणि तासाभरात नाश्त्याची विचारणा सुरू झाली. आता दुसरी दुर्बीण घ्यावी, स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) घ्यावा, की सगळ्यांना नेण्याचा विचार सोडून एकट्याने जावे, असे तुम्ही विचारले आहे.

खरेदीच्या मुद्द्याकडे मी शेवटी येतो, कारण मूळ अडचण वेगळी आहे. निरीक्षकाला आणि त्याच्या कुटुंबाला एकाच काठावर वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. तुम्हाला दूरच्या चिखलात फिरणाऱ्या दोन तुतवार पक्ष्यांमधला फरक शोधण्यात अर्धा तास घालवायला आवडेल. पण पहिल्यांदा आलेल्या माणसाला पक्षी मोठा, उघड्यावर आणि काहीतरी करताना दिसायला हवा, आणि तो दिसेपर्यंत शेजारच्या माणसाशी बोलण्याची मोकळीक हवी. मी गेली अनेक वर्षे हिवाळ्यात कुटुंबांना आणि शाळकरी मुलांना पाणपक्षी दाखवायला नेतो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. मिश्र वयाच्या गटाला पक्ष्यांमागे फिरवू नये. जागा नीट निवडून गटाला एका ठिकाणी बसवावे आणि पक्ष्यांना त्यांच्या गतीने समोर येऊ द्यावे. जंगलात हे जमत नाही, कारण तिथे पक्षी क्षणभर दिसतो आणि पानांत नाहीसा होतो. जलाशयावर ते सहज जमते, कारण पाणपक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात आणि एकाच ठिकाणी तासन्‌तास चरत राहतात. म्हणून घरच्यांसाठी तुम्ही जलाशय निवडला, हे मला योग्यच वाटते.

तारखेचे उत्तर मात्र सरळ देता येत नाही, कारण ते पाण्यावर अवलंबून आहे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातून मागे सरकत इंदापूर तालुक्यातल्या भिगवण, कुंभारगाव, डिकसळपर्यंत पसरले. हा फुगवटा उथळ आहे, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने सगळे महत्त्व त्या उथळपणाला आहे. रोहित (म्हणजे फ्लेमिंगो), शेकाटे, करकोचे, चमचे हे सगळे पायांवर उभे राहून खाणारे पक्षी आहेत; त्यांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे पाणी आणि त्याखालचा मऊ गाळ लागतो. पावसाळा चांगला झाला की दिवाळीच्या सुमारास धरण काठोकाठ असते, गाळाचे पट्टे पाण्याखाली जातात आणि उभे राहून खाणाऱ्यांना जागाच उरत नाही. पुढे कालव्यांतून आणि नदीतून पाणी सुटत जाते, पातळी उतरते आणि गाळाच्या जिभा उघड्या पडू लागतात. म्हणून रोहितांचे मोठे थवे बहुतेक वर्षी डिसेंबरनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत बघायला मिळतात. वर्तमानपत्रात ‘उजनी इतके टक्के’ अशी बातमी येते, ती सोलापूरचे लोक शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी वाचतात. मी ती पक्ष्यांसाठीही वाचतो. टक्केवारी शंभराच्या आसपास असेल, तर मी सोबतच्यांना रोहितांचे आश्वासन देत नाही.

याचा अर्थ दिवाळीत काठ रिकामा असतो असा नाही. चित्रबलाक, राखी बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, हळदीकुंकू बदके, नदी सुरय हे आपल्याकडचेच रहिवासी आहेत आणि ते तेव्हाही असतात. थापट्या, तलवार बदक यांसारखी उत्तरेकडची बदके ऑक्टोबरपासून उतरू लागतात. भाऊबीज नोव्हेंबरात आली, तर आणखी एक योग जुळून येतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने हा आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि अनेक शाळांत त्याबद्दल सांगितलेले असते, त्यामुळे मुले थोडी तयार होऊन येतात. तरीही निवड खरोखर तुमच्या हातात असेल, तर मी नाताळची सुट्टी सुचवीन. बदकांची संख्या तेव्हा भरलेली असते, पट्टकादंब हे हिमालयापलीकडचे हंस आलेले असतात, रोहितांची शक्यता बरी असते आणि दुपारीसुद्धा ऊन सोसवते. दिवाळी ठरलीच, तर घरात बोलताना ‘फ्लेमिंगो बघायला चाललो’ असे म्हणू नका, ‘पाणपक्षी बघायला चाललो’ असे म्हणा. सहलीचा विरस बहुतेक वेळा निघण्याआधी दिलेल्या शब्दामुळे होतो.

आता वेळेबद्दल. तुम्ही एकच फेरी सगळ्यांसाठी ठेवली होती आणि ती पहाटेची होती. यंदा दोन वेगळ्या फेऱ्या ठेवा आणि त्या वेगळ्या आहेत, हे आदल्या रात्री जेवताना सांगा. पहाटेची फेरी तुमची. तिला ज्याला स्वतःहून उठायचे असेल त्याने यावे, कुणाच्या अंगावरचे पांघरूण ओढू नये. माझा अनुभव असा, की बोलावणे नसले की एखादे बारा-तेरा वर्षांचे मूल किंवा एखादे अबोल काका हमखास तयार होऊन बसतात, आणि तेच पुढे टिकणारे निरीक्षक होतात. या फेरीत तुतवार, लहान पाणथळी पक्षी, काठच्या झुडपांतले पक्षी, असे तुमच्या आवडीचे सगळे उरकून घ्या, म्हणजे पुढे घरच्यांसोबत असताना तुमचे मन तिकडे ओढले जाणार नाही.

सगळ्यांची फेरी दुपारी चार ते सूर्यास्त अशी ठेवा. त्या भागात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोन तास मिळतात आणि मिश्र गटाला ते पुरेसे आहेत. सकाळ प्रसिद्ध असली तरी डिसेंबरात पाण्यावर धुके असते, आजींना गारठा बाधतो आणि चौदा माणसांचे आवरणे-चहा होईपर्यंत नऊ वाजतात. संध्याकाळी जेवणे झालेली असतात, मुले दुपारी झोपून उठलेली असतात आणि उजेड क्षणाक्षणाला बदलत असल्यामुळे तोच पक्षी तीनदा वेगळा दिसतो. शिवाय त्या वेळी आकाशात हालचाल असते: बगळे रात्रीच्या झाडांकडे परततात, पाणकावळ्यांच्या रांगा पाण्याला लागून जातात, आणि थंडीत भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे मुक्कामाला उतरण्यापूर्वी आभाळात वळणे घेऊ लागतात. हजारो भोरड्यांचा थवा एका अंगाने वळतो तेव्हा दुर्बिणीची गरज नसते, नाव माहीत असण्याचीही गरज नसते. गाडीत बसून राहिलेली माणसे तेवढ्यासाठी खाली उतरलेली मी पाहिली आहेत.

जागा निवडताना मी तीन गोष्टी बघतो. पहिली म्हणजे सूर्य पाठीमागे हवा. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून पश्चिमेच्या काठावर बसून पूर्वेकडच्या पाण्याकडे बघावे. उलट बसलात, तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या दिसतात, आणि दुर्बीण धरलेल्या मुलाची नजर मावळत्या सूर्यावर गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. हा धोका एवढा मोठा आहे, की मुलांना सूचना देऊन न थांबता मी बसण्याची दिशाच तशी ठरवतो. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या डोक्याच्या आकृत्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसू नयेत. बांधाच्या माथ्यावर उभ्या राहिलेल्या गटाला पक्षी लांबून ओळखतात. बांधाच्या उतारावर, मागे झुडूप किंवा गाडी ठेवून बसलेल्या गटाकडे ते लवकरच दुर्लक्ष करू लागतात. हळू आवाजातल्या गप्पा त्यांना फारशा खटकत नाहीत. अचानक उठून उभे राहणे, हात लांब करून दाखवणे आणि काठाकडे धावणे खटकते. म्हणून मी मुलांना ‘गप्प बसा’ असे सांगत नाही, ‘बसून बोला’ असे सांगतो, आणि ते त्यांना पाळता येते. तिसरी गोष्ट म्हणजे गाडी जवळपर्यंत गेली पाहिजे आणि मुक्कामाचे ठिकाण, म्हणजे स्वच्छतागृह, पाच-दहा मिनिटांवर हवे. घरातल्या बायका आणि वडीलधारी माणसे बाहेर बसायला का कचरतात याचे कारण बऱ्याचदा हेच असते आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. काठावरची वरून सुकलेली दिसणारी काळी माती मुलांना आधीच दाखवून ठेवा. वरचा पापुद्रा तडकलेला असला तरी खाली पोटरीपर्यंत गाळ असतो, त्यामुळे पाण्याच्या कडेपासून काही पावले अलीकडे एक काठी रोवून ‘याच्या पुढे नाही’ अशी हद्द ठरवलेली बरी.

आजींबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या प्रश्नातले ते वाक्य मला सर्वांत जास्त लागले. त्या गाडीत बसून राहिल्या, कारण बाहेर त्यांच्यासाठी काही मांडलेले नव्हते. हाताची आणि पाठीची खुर्ची न्या, सतरंजीवर बसवू नका. शाल, पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास त्यांच्या हाताशी ठेवा. स्कोप असेल, तर त्याचा ट्रायपॉड आजी खुर्चीत बसल्यावर त्यांचा डोळा जिथे येतो त्या उंचीला लावा आणि मग तो हलवू नका. बसलेल्या आजीची आणि उभ्या राहिलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाची नजर जवळजवळ एकाच उंचीवर येते. मोठ्यांनी वाकून बघावे, त्यांचे काही बिघडत नाही. बहुतेक ठिकाणी नेमके उलट होते. स्कोप दाखवणाऱ्याच्या उंचीला लावलेला असतो, मुलांना उचलून धरावे लागते, ती स्कोपला लटकतात आणि पक्षी चौकटीतून निघून जातो. मी मुलांना हात पाठीमागे बांधून स्कोपात बघायला सांगतो; या एका सवयीने अर्धी कटकट मिटते. आजींना चष्मा असेल, तर तो काढून फोकस फिरवून बघा, कारण जवळचा-दूरचा साधा नंबर फोकसने भरून निघतो. आडवा-उभा सिलिंडरचा नंबर मात्र फोकसने भरून निघत नाही. तसा नंबर असेल तर चष्मा ठेवावा आणि दुर्बिणीचे डोळ्याकडचे रबरी कडे खाली दुमडावे.

पक्षी नेमका कुठे आहे हे सांगण्याची एक पद्धत घरच्यांना आधी शिकवून ठेवा. ‘तो बघ, तिकडे’ असे म्हटल्याने कुणालाही काही दिसत नाही. उजनीच्या पाण्यात जुन्या बाभळींची वाळकी खोडे ठिकठिकाणी उभी आहेत. त्यातले एक ठळक खोड सुरुवातीलाच सर्वांना ओळखायला लावा आणि मग हात लांब करून बोटांनी मोजा: ‘खोडापासून डावीकडे तीन बोटे, पाण्याच्या कडेला’. मुले हे पाच मिनिटांत शिकतात आणि पुढे मोठ्यांना तीच सांगू लागतात. दुर्बिणीचेही तसेच. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. आधी दुर्बीण लावून मग शोधायला गेले, की फक्त पाणी दिसते आणि मूल वैतागते. फार लहान मुलांच्या दोन डोळ्यांतले अंतर मोठ्या दुर्बिणीच्या मानाने कमी असते, त्यामुळे त्यांना एकात एक न मिसळणारी दोन वर्तुळे दिसतात. अशा मुलाच्या हातात दुर्बीण देऊन आग्रह करू नये, त्याला स्कोपात एका डोळ्याने दाखवावे.

दाखवायचे काय, तर नावांपेक्षा खाण्याच्या तऱ्हा दाखवाव्यात. नावांची यादी सांगितली की मुलांना शाळा आठवते. त्याऐवजी ‘कोण कसे जेवते ते शोधा’ एवढेच सांगा. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मान डावी-उजवीकडे फिरवत चालतो, मधूनच एक पाय हलवून गाळ ढवळतो. मासा चोचीला लागला की ती मिटते. त्याला मासा दिसावा लागत नाही, स्पर्श पुरतो, आणि म्हणूनच तो गढूळ पाण्यातही जेवू शकतो. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून ते गाळतो. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. थव्यात राखाडी-तपकिरी पक्षी दिसले, तर ती या एक-दोन वर्षांतली पिल्ले, हे मुलांना नक्की सांगा, कारण लहान पक्षी ओळखता आला की त्यांना थवा म्हणजे एक कुटुंब वाटू लागते. थापट्या बदके पसरट चोच पाण्याला लावून एकमेकांमागे गोल गोल फिरतात आणि पुढच्याने ढवळून वर आणलेले मागचा टिपतो. तलवार बदक शेपूट उभी करून अर्धे शरीर पाण्यात घालते. काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. पाणकावळा बुडी मारून बाहेर आला की पंख पसरून वाळवत बसतो. हे सहा प्रकार एका संध्याकाळी दिसले, तरी तुमच्या भाचीला जन्मभर पुरतील एवढी निरीक्षणे तिच्याजवळ जमा होतील.

पट्टकादंब दिसले, तर त्यांच्यापाशी थोडे जास्त थांबा. फिक्या राखी रंगाचा हा हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, आणि काठच्या गवतात गाईसारखा शांत चरणारा. त्याची वीण तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियापर्यंतच्या प्रदेशात होते आणि तो हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. पाठीवर बसवलेल्या उपग्रह यंत्रांवरून हे पक्षी ७,००० मीटरहून जास्त उंचीवरून गेल्याच्या नोंदी आहेत. हे सांगून झाल्यावर गप्प राहावे, लोकांना तो पक्षी बघू द्यावा.

वडीलधाऱ्यांकडून मात्र तुम्हीही काही घ्यावे असे मला वाटते. या पाण्याखाली शेते आणि गावठाणे गेली आहेत. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. तुमच्या घरातल्या कुणाचे आजोळ त्या पट्ट्यात असेल, कुणी जुन्या रस्त्याने प्रवास केला असेल, तर पक्षी येण्याआधी इथे काय होते हे त्यांना सांगू द्या. ज्या काठाला ‘पक्ष्यांचे ठिकाण’ म्हणून आपण आज ओळखतो, तो माणसांच्या एका पिढीने आपली जमीन सोडल्यावर तयार झालेला आहे, हे मुलांना घरच्याच माणसाच्या तोंडून कळले पाहिजे.

होडीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तिथे गेल्यावर तो विषय निघेलच. कुंभारगाव, डिकसळ परिसरात मासेमारी करणारे स्थानिक लोक होडीतून पक्षी दाखवायला नेतात, आणि त्यांच्यातले कित्येक जण कोणता थवा आज कुठे आहे हे आपल्यापेक्षा कितीतरी अचूक सांगतात. होडीने जरूर जा, पण सगळ्यांनी एकदम जायचा अट्टहास नको. दोन गट करा, आणि ज्यांना पाण्याची भीती वाटते त्यांनी काठावर बसावे. लाइफ जॅकेट मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही, काठावरच घालून बकल लावून घ्या. स्कोप होडीत निरुपयोगी असतो, तो काठावरच्या गटाकडे ठेवा. आणि निघण्यापूर्वी नावाड्याला स्पष्ट सांगा, की आम्हाला पक्षी उडवलेले नको आहेत. रोहितांच्या पंखांचा लाल-काळा रंग उडताना उघडतो, त्यामुळे पर्यटक फोटोसाठी थवा उठवायला सांगतात आणि नावाडी गिऱ्हाइकाचे ऐकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, सूचना आपणच द्यायची असते. चरणारा थवा पुन्हा पुन्हा उठला, तर त्याचा खाण्याचा वेळ जातो, उडण्यात शक्ती जाते, आणि काही दिवसांत तो ती जागाच सोडतो. किती जवळ जायचे याची खूण पक्षीच देतात. माना पाण्यातून वर आल्या, सगळ्या एका दिशेला ताठ झाल्या आणि थवा चालू लागला, की तिथेच थांबायचे, इंजिन असेल तर बंद करायचे आणि वाटल्यास वल्ह्याने मागे यायचे. दहा मिनिटे स्थिर राहिलात, तर माना पुन्हा पाण्यात जातात.

कुरव (सीगल) पक्षी होडीभोवती आले, की फराळाच्या डब्यातली शेव त्यांच्याकडे उडवण्याचा मोह मुलांना होतो आणि मोठ्यांनाही होतो. तो आवरावा. तळलेले, खारट पीठ हे त्यांचे अन्न नाही आणि होडी दिसली की मासे सोडून तिच्यामागे लागण्याची सवय त्यांना लागते. फटाके काठावर किंवा मुक्कामाच्या अंगणात अजिबात नकोत. रात्री पाण्यावर विसावलेली हजारो बदके एका आवाजाने उठतात आणि अंधारात कुठेही जाऊन आदळू शकतात. दिवाळीत जाणार असाल, तर हे लहान मुलांना निघण्याआधी घरी सांगा, तिथे गेल्यावर सांगितले की रडारड होते.

रात्री जेवताना, म्हणजे बहुधा चिलापी माशाचे कालवण समोर असताना, दिवसभरात काय दिसले याची यादी करा आणि ती लिहायचे काम एका मुलाला द्या. नाव माहीत नसेल तिथे ‘लांब गुलाबी पायांचा काळा-पांढरा’ असे वर्णन लिहू द्या. तो शेकाट्या आहे हे तुम्ही नंतर सांगा. पुढच्या वर्षी त्याच काठावर, त्याच तासाला पुन्हा यादी केलीत, तर तिला मोल येते, आणि इच्छा असेल तर ती ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवता येते. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तुमच्याबरोबर पहाटे उठलेल्या मुलाला पुढच्या वेळी तिथे नेता येईल.

कुणाला भिगवण सोयीचे नसेल, तर हाच बेत इतरत्रही जमतो. नाशिककडच्यांसाठी गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर आहे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले; तिथे निरीक्षण मनोरे आहेत, मात्र ज्येष्ठांना जिन्यांचा विचार करावा लागतो. मराठवाड्यात पैठणचा नाथसागर, पूर्व विदर्भात नवेगाव बांध, गोव्यात करमळीचे तळे ही ठिकाणे कुटुंबासह जाण्यासारखी आहेत. प्रत्येक ठिकाणी पाण्याची पातळी आणि बसायची जागा यांची चौकशी स्थानिक माणसाकडे आधी करा.

आता खरेदी. तुमच्याकडे एक दुर्बीण आहेच. पुढची दुर्बीण घ्यायची असेल, तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा किंवा बारा पटीची दुर्बीण जाहिरातीत भारी वाटते, पण नवख्या हातात ती थरथरते आणि दिसण्याचे क्षेत्र अरुंद असल्यामुळे पक्षी सापडत नाही. स्कोपची गोष्ट वेगळी आहे. सगळ्यांनी एकाच जागी बसून बघायचे असेल, तर त्याच्याइतके उपयोगी काही नाही: तुम्ही पक्षी लावून ठेवायचा आणि एकेकाने येऊन बघायचा, शोधण्याचे कष्ट कुणालाच नाहीत. पण चांगला स्कोप आणि न हलणारा ट्रायपॉड मिळून खर्च बराच होतो, आणि वर्षातून एकदा वापरायचा असेल तर मी तो विकत घ्यायला सांगणार नाही. तुमच्या शहरातल्या पक्षीमित्र मंडळातून दोन दिवसांसाठी उसना मागा किंवा मुक्कामाच्या ठिकाणी वाटाड्याकडे आहे का ते विचारा. विकत घेण्याची वेळ आलीच, तर तिरप्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) घ्या, सरळ नको, कारण वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना तोच सोयीचा पडतो. घरच्यांना दाखवताना पट वीस-पंचविसाच्या वर नेऊ नका. दुपारी पाण्यावरची तापलेली हवा थरथरते आणि साठ पटीला पक्ष्याऐवजी ती थरथरच मोठी होऊन दिसते. उसना आणलेला स्कोप आदल्या दिवशी घराच्या गच्चीवर लावून आजींना खुर्चीत बसवून लांबच्या एखाद्या झाडावर तपासून घ्या, आणि त्या उंचीला ट्रायपॉडच्या पायांवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा.